पर्णाशी पक्षी आणि निष्पाप घास

कोणत्याही जीवाला न दुखविता माणसाला पोट भरता येईल काय, हा प्रश्न आपल्याकडे जितक्या चिकाटीने विचारला गेला तितका तो अन्यत्र क्वचितच विचारला गेला असेल. आणि त्याचे उत्तर शोधताना आपल्या पूर्वजांची दृष्टी पुनःपुन्हा ज्या एका वस्तूवर जाऊन स्थिरावली, ती वस्तू म्हणजे झाडाचे पान. मांस तर प्रथमच वर्ज्य झाले. पुढे धान्याविषयी शंका आली, कारण नांगराच्या फाळाखाली असंख्य किडे चिरडले जातात. मग कंदमुळांविषयी आली, कारण कंद उपटला की रोपाचा वंशच खुंटतो. पान मात्र खुडले तरी झाड उभे राहते, चार दिवसांनी त्याच जागी दुसरे फुटते, आणि म्हणून पानाच्या आहारात हिंसेचा अंश नाही, असला तर तो क्षम्य आहे, अशी एक समजूत आपल्या तपश्चर्येच्या कल्पनेत खोलवर रुजली. पुराणांतले ऋषी पाला खाऊन राहतात. त्यांच्याहून थोर ते गळून पडलेल्या पानांवर राहतात. आणि पार्वतीने तर गळलेली पानेही सोडली, असे कालिदास सांगतो.

खंडवा-भुसावळ लोहमार्गावर नेपानगरच्या शेजारी चांदनी नावाचे जे लहानसे स्थानक आहे, त्याच्या भोवतीचा सातपुड्याचा मुलूख या प्रश्नाचा विचार करायला सोयीचा आहे, कारण तेथे माणसांचे, जनावरांचे आणि सरकारी दप्तराचेही पुष्कळसे व्यवहार पानावर चालतात. वैशाखात कोरकू आणि बारेला कुटुंबे पहाटेच रानात शिरून टेंभुर्णीची पाने खुडून आणतात, सावलीत बसून पन्नास-पन्नास पानांची गड्डी बांधतात आणि फडावर नेऊन मोजून देतात. अशा हजार गड्ड्या झाल्या की एक मानक बोरा भरला, असा खात्याचा शिरस्ता आहे. 1964 साली कायदा करून मध्यप्रदेश सरकारने हा व्यापार आपल्या हाती घेतला. त्याआधीच, याच टापूतल्या सलईच्या लाकडाच्या आणि बांबूच्या भरवशावर, वर्तमानपत्री कागदाचा देशातला पहिला कारखाना येथे उभा राहिला होता. 1955 साली त्यातून कागद निघू लागला आणि 1956 च्या एप्रिलात पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. सलईच्या खोडातला जो चिवट तंतू सोडविण्यासाठी तेथे यंत्रे आणि रसायने खर्ची पडली, तोच तंतू, म्हणजे सेल्युलोज, प्रत्येक हिरव्या पानाच्याही भिंती बांधतो. पर्णाहाराला निरुपद्रवी म्हणण्यापूर्वी ही एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते: पान हे गिळायला सोपे असले तरी पचवायला अन्नांतले सर्वांत दुर्घट अन्न आहे.

दुसरी गोष्ट आपल्या तपस्व्यांच्या ध्यानात आली नव्हती, किंवा आली असूनही त्यांनी ती बोलून दाखविली नाही. फळ हे झाडाने खाण्यासाठीच निर्माण केलेले असते. ते पिकले की रंगाने आणि वासाने पाखरांना बोलावते, त्यांच्या पोटातून आपले बी दूरवर धाडते, आणि या देवघेवीत दोन्ही पक्षांचा फायदा असतो. पान तसे नाही. पान हे झाडाचे स्वयंपाकघर आहे, आणि ते कोणी लुटू नये म्हणून झाडाने तेथे पहाराही बसविलेला आहे: तुरट टॅनिने, कडू अल्कलॉइडे, काटे, चीक, लव, गारगोटीसारखे कण. ज्या वस्तूचे रक्षण करण्यासाठी देणाऱ्याने विष कालविले आहे ती वस्तू त्याने राजीखुशीने दिली, असे म्हणणे कोणत्याही दिवाणी न्यायालयात टिकणार नाही. तेव्हा फळे सोडून पाने खाणाऱ्या तपस्व्याने नम्रतेची पायरी चढली असेल, पण झाडाच्या बाजूने पाहिले तर तो दानावरून अपहारावर आला.

पक्ष्यांनी हे फार पूर्वी ओळखले असावे. जगात पक्ष्यांच्या सुमारे दहा हजार जाती आहेत. त्यांतल्या कोणी किडे पकडते, कोणी मासे, कोणी दाणे टिपते, कोणी मध चोखते, कोणी मढ्यावर झडप घालते. परंतु जवळजवळ सर्वस्वी पाल्यावर जगण्याचे साहस फारच थोड्यांनी केले. चांदनीच्या रानात असा एकही पक्षी नाही. हरियल तेथे वडा-उंबराच्या फळांवर येतो, आणि त्याचा रंग पानाशी इतका एकजीव होतो की पाहणाऱ्याला तो पानेच खात असावा असे वाटावे. पण तो फळांचा धनी आहे. पर्णाशी पक्षी पाहायचा तर दक्षिण अमेरिकेत, अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोको या नद्यांच्या खोऱ्यांतल्या पाणथळ अरण्यांत जावे लागते.

त्याचे नाव होआत्झिन. युरोपीय शास्त्रज्ञांनी 1776 साली त्याची नोंद केली, आणि तेव्हापासून त्याला पक्ष्यांच्या कोणत्या कुळात बसवावे याविषयी त्यांचा वाद मिटलेला नाही. कोणी त्याला कोंबड्यांत घातले, कोणी कोकिळांत, कोणी आणखी कोठे, आणि आनुवंशिक द्रव्याच्या बारीक तपासणीनंतरही त्याचा सोयरसंबंध निर्विवादपणे कोणाशी लागत नाही. आकाराने तो मोरणीहून बराच लहान, दोन फुटांहून किंचित लांब. मस्तकावर विस्कटलेला तांबूस तुरा, डोळ्यांभोवती निळी उघडी कातडी, डोळे लाल. गयानात त्याला कांजे नदीवरून नाव पडले आहे आणि तो त्या देशाचा राष्ट्रीय पक्षी आहे. 1838 सालापासून कलकत्त्याहून गिरमिटावर नेलेल्या आपल्या लोकांना ज्या मुलखातल्या उसाच्या मळ्यांवर उतरविण्यात आले त्यांत ही कांजे नदी ज्या बर्बीस प्रांतात वाहते तो प्रांतही होता. म्हणजे पर्णाहारी मुनींच्या कथा ऐकत वाढलेली माणसे या पक्ष्याच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या नांदली आहेत.

त्याच्या आहारात सुमारे चार पंचमांश भाग पाल्याचा, तोही शक्य तर कोवळ्या पाल्याचा, उरलेला फुलाफळांचा. ही पाने पचविण्यासाठी त्याने जी तजवीज केली आहे ती पक्षिजातीत एकमेव आहे. इतर पक्ष्यांच्या गळ्याशी दाणे साठविण्याची जी लहान पिशवी असते तीच येथे इतकी मोठी, जाड आणि स्नायुमय झाली आहे की छातीतली पुष्कळ जागा तिनेच अडविली आहे. त्या पिशवीत पाने दळली जातात, आंबतात, आणि एक ते दोन दिवस तेथेच राहतात; आंबविण्याचे काम जीवाणू करतात. 1989 साली व्हेनेझुएलात काम करणाऱ्या संशोधकांनी हा प्रकार सिद्ध करून दाखविला तेव्हा गाईबैलांची रीत एका पाखराने उचलली म्हणून शास्त्रज्ञमंडळींत मोठे कौतुक झाले. या किण्वनाने पक्ष्याच्या अंगाला शेणासारखा वास येतो, आणि त्या वासामुळे त्याच्या मांसाच्या वाट्याला शिकारी फारसे जात नाहीत. तपाचे हेही एक फळ म्हणायचे!

पण खरी किंमत निराळीच आहे. छातीतली जागा पिशवीने घेतल्यामुळे उडण्याचे स्नायू जेथे बांधले जातात ते छातीचे हाड लहान राहिले, आणि हा पक्षी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर धडपडत, फांद्या मोडत कसाबसा उडतो. जेवण झाल्यावर त्याला आपला भार पेलत नाही. छातीखाली घट्टा पडलेल्या कातडीवर अंग टेकून तो फांदीवर तासन्‌तास बसून राहतो, आणि त्याचा बहुतेक दिवस असाच जातो. दुरून पाहणाऱ्याला वाटावे की हा कोणी समाधिस्थ योगी आहे. वास्तविक तो फक्त पचवीत असतो. सात्त्विक आहाराने देह हलका होतो, चित्त ऊर्ध्वगामी होते, अशी जी आपली दृढ समजूत, तिला हा उदाहरणार्थ उभा केलेला साक्षीदार मुळीच दुजोरा देत नाही. ज्याने जगातले सर्वांत हलके अन्न निवडले त्याच्याच वाट्याला जडत्व आले, आणि पंख असून आकाश परके झाले.

आता या प्रकरणाच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. पाला आंबविणारे जीवाणू हे या पक्ष्याचे नुसते चाकर नाहीत. प्राण्याच्या डोळ्यांतल्या पाण्यात आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकात लायसोझाइम नावाचे एक द्रव्य असते. जीवाणूंच्या भिंती फोडून त्यांचा नाश करणे हे त्याचे काम, म्हणजे मूळचे ते शरीराच्या तटावरचे शस्त्र. गाईच्या शेवटच्या पोटात हेच शस्त्र स्वयंपाकाचे हत्यार झाले आहे: वरच्या पोटांत गवत आंबवून आंबवून पोसलेले जीवाणू खाली उतरले की तेथे लायसोझाइम त्यांना फोडते आणि गाय त्यांचे सत्त्व पचविते. अ‍ॅलन विल्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1987 साली दाखविले की वानराच्या पोटातही हेच घडते, आणि गाईचे व वानराचे हे द्रव्य, दोघांचा वंश अगदी निराळा असूनही, ठरावीक जागी सारख्याच रीतीने बदललेले आहे. त्यांनी अभ्यासिलेला वानर दुसरा कोणी नव्हे, आपलाच काळतोंड्या. चांदनीच्या रानात पळसा-पिंपळाची पालवी ओरबाडणारा आणि दुपारच्या उन्हात बेचक्यात बसून, पोट तटतटलेले, डोळे अर्धवट मिटलेले, अशा थाटात सुस्तावणारा. 1994 साली होआत्झिनचे लायसोझाइम तपासले गेले. त्याचा उगम वेगळ्या जातीच्या लायसोझाइमात, कबुतराच्या अंड्यातल्या द्रव्याच्या नात्यात सापडला. पण पोटात काम करताना त्यानेही गाय आणि वानर यांच्याच वळणावर जाणारे बदल पत्करले होते.

हा योगायोग मला तरी साधा वाटत नाही. हिंदू माणसाने ज्या दोन पशूंना विशेष पूज्य मानले, एकीला माता म्हणून आणि दुसऱ्याला मारुतिरायाचा आप्त म्हणून, ते दोन्ही पर्णाहारी आहेत, तृणपर्णांवर जगणारे निरपराध जीव म्हणून आपण त्यांच्याकडे पाहतो. आणि नेमके त्याच दोघांच्या पोटात, व त्यांच्या जोडीला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकावरच्या एका अनाम पाखराच्या पोटात, कोट्यवधी जीव पाळून, पोसून, वाढवून मग खाण्याची व्यवस्था आढळते. गवत गाईला मिळते असे आपण म्हणतो. काटेकोर हिशेब मांडला तर गवत जीवाणूंना मिळते, आणि गाईला जीवाणू व त्यांनी टाकलेले आम्ल मिळते. जीवावर जीव जगतो हे भागवतातले जुने वचन आपण वाघा-हरणाकडे बोट दाखवून उच्चारतो; त्याचा खरा पुरावा गोठ्यात रवंथ करीत बसलेला आहे.

येथे कोणी तक्रार करील की जीवाणूला ना मन ना वेदना, त्याला मारणे ही हिंसा नव्हेच. आणि ही तक्रार ऐकण्यासारखी आहे. बोकडाची मान आणि जीवाणूची भिंत या दोहोंना एकाच तराजूत घालणाऱ्याला मी विचारवंत म्हणणार नाही, आणि हा सगळा प्रपंच वाचून ज्याला आपल्या ताटातल्या मटणाचे समर्थन सापडले असे वाटेल त्याने कृपा करून ते दुसरीकडे शोधावे. दुःखाच्या पायऱ्या असतात, आणि त्या मोजण्याचे काम जैन विचारवंतांनी जितक्या सूक्ष्मतेने केले तितके कोणीच केले नाही. एकेंद्रिय जीवापासून पंचेंद्रियापर्यंत त्यांनी उतरंड लावली. जांभळाच्या झाडापाशी आलेल्या सहा वाटसरूंची जी कथा ते सांगतात, तीत एकजण झाड मुळासकट तोडू म्हणतो, दुसरा खोड, तिसरा फांदी, चौथा डहाळी, पाचवा फक्त फळे, आणि सहावा खाली पडलेली जांभळे वेचू म्हणतो. सहावा श्रेष्ठ आहे याविषयी वाद नाही. परंतु कथा त्याला निष्पाप ठरवीत नाही, फक्त सर्वांत शुभ्र ठरविते. आणि अहिंसेच्या उत्साही पुरस्कर्त्यांना हा फरक बहुधा दिसत नाही.

महाभारताला तो दिसला होता. वनपर्वात कौशिक नावाचा ब्राह्मण झाडाखाली वेद म्हणत बसला असताना वरून एका बगळीची विष्ठा त्याच्या अंगावर पडते, आणि त्याच्या रागाच्या नुसत्या नजरेने ती बिचारी मरून खाली येते. तपस्वी तो, आहारात कदाचित निष्कलंक; तरी एका पाखराचा जीव त्याच्या खात्यावर पडला. मग एका गृहिणीच्या सांगण्यावरून तो मिथिलेला जातो, आणि तेथे मांसाच्या दुकानात बसलेला धर्मव्याध त्याला धर्म सांगतो. नांगरणीत किती जीव मरतात, धान्याच्या दाण्यांतही जीव आहेत, चालताना पायाखाली किती येतात, हे एकेक मोजून दाखवून तो म्हणतो की पूर्ण अहिंसक असा या पृथ्वीवर कोणी नाही. यत्न करणारे मात्र आहेत, आणि यत्नाने हिंसा कमी होते. हे सांगणारा खाटीक आहे, ऐकणारा वेदपाठी आहे, आणि व्यासांनी ही योजना अजाणता केली असेल असे मानायला मी तयार नाही.

होआत्झिनविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याचे घरटे पाण्यावर झुकलेल्या फांदीवर असते. शत्रू आला तर पिलू सरळ पाण्यात उडी टाकते, पोहून काठाला लागते, आणि पंखांच्या टोकांना असलेल्या दोन-दोन नख्यांनी फांद्या पकडीत परत वर चढते. मोठेपणी त्या नख्या झडतात. प्रवासवर्णने लिहिणाऱ्यांनी या नख्यांचेच फार कौतुक केले. माझ्या मते त्याहून विचारणीय आहे ते पिलाचे पहिले जेवण. पिलू अंड्यातून बाहेर येते तेव्हा त्याच्या पोटात पाला आंबविणारा एकही जीवाणू नसतो. जगातली सगळी कोवळी पालवी त्याच्या चोचीत भरली तरी ते उपाशीच मरेल. आईबाप आपल्या पिशवीतला आंबलेला लगदा उलटी काढून त्याच्या तोंडात घालतात, आणि दुधात विरजण पडावे तसे त्या उष्ट्यातून आधीच्या पिढीचे जीवाणू त्याच्या पोटात उतरतात. कित्येकदा आधीच्या वर्षीची मोठी भावंडेही घरट्यावर राखणीला आणि भरवायला असतात. एकाकी पर्णभोजी मुनी, कोणाचे काही न घेणारा, कोणाला काही न देणारा, हे जे चित्र आपण रंगवितो, ते निसर्गात जेथे जेथे खरा पर्णभोजी आहे तेथे तेथे खोटे ठरते. तो उष्ट्यावर वाढतो, सामायिक पोटावर जगतो, आणि पिढ्यांचे देणे डोक्यावर घेऊन फांदीवर बसतो. अथर्ववेदात उच्छिष्टाला उद्देशून एक सबंध सूक्त आहे, आणि उरलेल्या अन्नात विश्वाचा आधार पाहणारी ती कल्पना पुष्कळ आधुनिक वाचकांना विक्षिप्त वाटत आली आहे. त्यांनी हे पिलू पाहावे.

तेव्हा प्रश्न असा उरतो की निष्पाप घास जर कोठेच नाही, तर धर्माने माणसाला काय सांगावे? पाल्यावर राहा, हे एक उत्तर. आणि त्यातला संयम मी आदरणीय मानतो, पण त्यामागची निष्पापतेची हमी मानीत नाही. माझ्या अल्पमतीला आपल्याच परंपरेतले दुसरे उत्तर अधिक खोल वाटते, आणि ते संन्याशासाठी नसून संसारी माणसासाठी आहे. मनुस्मृतीने गृहस्थाच्या घरातली पाच वधस्थाने मोजली आहेत: चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. कत्तलखाना गावाबाहेर आहे या समाधानात झोपणाऱ्याला ही यादी सांगते की तो तुझ्या माजघरात आहे, आणि तेथे तुझ्या आईच्या हातात केरसुणी आहे. या पाचांतून सुटका म्हणून स्मृतीने चूल विझवायला सांगितले नाही. देव, पितर, ऋषी, माणसे आणि भूतमात्र यांना रोज काही देत राहायला सांगितले. म्हणजे गुन्हा नाकबूल करण्याची सोय ठेवली नाही, आणि माफीनामाही एकदाच लिहून देऊन मोकळे होण्याची मुभा ठेवली नाही. खाते रोज उघडायचे, रोज काही भरायचे, बाकी कधीच बेबाक होणार नाही हे जाणून भरायचे. तुळस द्वादशीला तोडू नये, पूजेलाही नको तितकी पाने ओरबाडू नयेत, असले जे घरगुती निर्बंध आजीच्या तोंडून आपण ऐकले ते याच दप्तराचे तुकडे आहेत. त्यांना शास्त्रीय पाया नाही असे म्हणणाऱ्यांनी पानाच्या विषाचा आणि गाईच्या पोटाचा वृत्तांत वाचल्यावर आपले मत पुन्हा एकदा तपासावे.

महाराष्ट्रात आणि आपल्या निमाड-खानदेशाच्या सीमेवरच्या मराठी घरांतही पूर्वी जेवायला बसताना ताटाबाहेर पाण्याची धार फिरवून भाताच्या चार शितांच्या चित्राहुती घालीत असत. मुंग्यांनी ती शिते खाल्ली की नाही हे कोणी पाहत बसत नसे. आता ती चाल बहुतेक घरांतून गेली आहे, आणि तिच्या जागी आहाराच्या शुद्धतेविषयीची फार जोरकस, फार आत्मसंतुष्ट भाषणे आली आहेत, शाकाहाराची जशी तशीच त्याच्या विरोधाचीही. या दोहोंत निवड करायची झाली तर मी विनासंकोच त्या चार शितांच्या बाजूने कौल देईन.